खोली स्वस्त का असते? जर्मनीतील विद्यार्थी-सेवा संस्थांचे गणित

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. (अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेते.) प्रवेशपत्र हाती पडल्यावर मात्र अनेकांना न ठाऊक असलेली दुसरी गोष्ट समजते, ती म्हणजे विद्यापीठ राहण्यासाठी खोली देत नाही. विद्यापीठाच्या पत्रात एका निराळ्याच संस्थेचे नाव असते आणि खोलीसाठी अर्ज तिच्याकडे करावा, असे सुचवलेले असते. ही संस्था सरकारी खाते आहे, खासगी कंपनी आहे की धर्मादाय न्यास, याचा उलगडा त्या पत्रातून होत नाही. तिच्या खोलीचे भाडे बाजारभावापेक्षा इतके कमी कसे, हाही प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर समजले की तिची लांबलचक प्रतीक्षायादी, मुक्कामाची मुदत, सत्राच्या सुरुवातीला सगळ्यांनाच भरावी लागणारी वर्गणी, या वरकरणी असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टी एकाच हिशेबाचे भाग असल्याचे दिसू लागते.

या संस्थेला जर्मनमध्ये ‘श्टुडीरेंडनवेर्क’ म्हणतात. जुने नाव ‘श्टुडेंटेनवेर्क’ असे होते आणि ते अजूनही बोलण्यात येते. अशा ५७ संस्था देशभर आहेत. प्रत्येकीकडे एक शहर किंवा एक प्रदेश सोपवलेला असतो आणि त्या हद्दीतील अनेक विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांची सोय तिने पाहायची असते. बर्लिनमध्ये एकच संस्था शहरातील सगळ्या मोठ्या सरकारी विद्यापीठांसाठी काम करते. राहण्याच्या खोल्या, विद्यार्थ्यांची भोजनालये, सरकारी शिक्षण-साहाय्याच्या अर्जांची छाननी, मानसिक व सामाजिक समुपदेशन, मूल असलेल्या विद्यार्थ्यांसाठी पाळणाघरे, असा तिच्या कामाचा पसारा असतो. शिकवणे विद्यापीठाचे आणि जगण्याची व्यवस्था या संस्थेची, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी कोणा मंत्रालयाने आराखडा काढून केलेली नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन विद्यापीठांत परतलेल्या तरुणांपैकी अनेकांकडे जेवणाचेही पैसे नव्हते, आणि पुढे चलनफुगवट्याने मध्यमवर्गीय घरांची बचत धुऊन नेली. तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या प्राध्यापकांनी व शहरवासीयांनी गावोगावी स्वावलंबी मंडळे काढली, सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू केली आणि स्वस्त दरात वस्तू मिळवून दिल्या. १९२१ मध्ये या मंडळांची एक शिखर संघटना स्थापन झाली आणि १९२९ मध्ये तिने ‘डॉइचेस श्टुडेंटेनवेर्क’ हे नाव घेतले. नाझी राजवटीत तिची स्वायत्तता गेली, युद्धानंतर ती पुन्हा उभी राहिली. १९७१ मध्ये शिक्षण-साहाय्याचा कायदा झाला. त्यानुसार सरकारी पैसा विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम या स्थानिक संस्थांकडे आले आणि त्या दशकात बहुतेक राज्यांनी त्यांचे रूपांतर सार्वजनिक कायद्याखालील स्वायत्त मंडळांत केले. झारलँडमधील संस्था मात्र अजूनही नोंदणीकृत मंडळ, म्हणजे तेथील भाषेत ‘आइनगेट्रागेनर फेराइन’, या मूळ स्वरूपातच आहे. देशपातळीवरील शिखर संघटनाही असेच मंडळ आहे.

हे मंडळ काय असते, ते थोडे सविस्तर पाहायला हवे. जर्मनीत किमान सात सदस्य एकत्र येऊन, घटना लिहून, स्थानिक न्यायालयातील नोंदवहीत मंडळाची नोंद करू शकतात. नोंद झाली की मंडळाला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तिमत्त्व मिळते. मग ते स्वतःच्या नावावर इमारत घेऊ शकते, कर्ज काढू शकते, करार करू शकते. मंडळ सार्वजनिक हिताचे आहे हे मान्य करून घेणे ही वेगळी पायरी आहे आणि ती करविषयक कायद्याखाली येते. ती मान्यता मिळाली की करांत सूट मिळते, पण बदल्यात दोन बंधने येतात. शिल्लक रक्कम सदस्यांत वाटता येत नाही, आणि मंडळ विसर्जित झाले तर मालमत्ता सदस्यांच्या हाती न जाता दुसऱ्या सार्वजनिक हिताच्या कामाकडे वळवावी लागते. माझ्या मते या दोहोंत दुसरे बंधन अधिक महत्त्वाचे आहे. नफा न वाटण्याची शपथ आज घेऊन वीस वर्षांनी जमिनीचा भाव वधारल्यावर इमारत विकून टाकण्याची वाट त्यामुळे बंद होते.

आपल्याकडे अशा कामांसाठी ‘ना नफा ना तोटा’ हा शब्दप्रयोग रूढ आहे, पण तो अर्धवट आहे. ज्या संस्थेच्या हातात वर्षाअखेरीस काहीच शिल्लक राहत नाही, ती संस्था पाच वर्षांनी गळके छप्पर बदलू शकणार नाही. शिल्लक हवीच. प्रश्न फक्त ती कोठे जाते, इतकाच असतो. मालकाच्या खिशात गेली तर तिला नफा म्हणायचे आणि इमारतीत परतली तर राखीव निधी.

आता भाड्याकडे वळू. या संस्थांच्या खोल्यांचे सरासरी भाडे ३०० युरोंच्या आगेमागे असते आणि त्यात बहुधा पाणी, वीज, खोली उबदार ठेवण्याचा खर्च व इंटरनेट धरलेले असते. खासगी बाजारात सामायिक घरातील एका खोलीसाठी सरासरी ५०० युरोंच्या जवळपास मोजावे लागतात, आणि म्युनिकसारख्या शहरात त्याहून कितीतरी जास्त. जर्मन लोक मूळ भाड्याला ‘थंड भाडे’ आणि खर्चासह येणाऱ्या भाड्याला ‘गरम भाडे’ म्हणतात. दोन जाहिरातींची तुलना करताना एकीचे थंड आणि दुसरीचे गरम भाडे शेजारी मांडण्याची चूक नवखा माणूस हमखास करतो.

हा फरक कसा पडतो, हे समजण्यासाठी एक काल्पनिक इमारत घेऊ. एका विद्यार्थ्याची खोली, तिच्या वाट्याचा जिना, स्वयंपाकघर आणि भिंती धरून, बांधायला १,२०,००० युरो लागले असे समजा. हे सगळे पैसे चार टक्के व्याजाने कर्जाऊ आणले, तर वर्षाला ४,८०० युरो नुसते व्याज, म्हणजे महिन्याला ४००. मुद्दल पन्नास वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे म्हटले, तर महिन्याला आणखी २००. व्यवस्थापन, दुरुस्ती, वीज-पाणी यांसाठी १५० धरले, तर सुरुवातीच्या वर्षांत भाडे ७५० युरो होते. यात नफ्याचा एक छदामही नाही. जमीन विकत घेतली असेल, तर तिचा खर्च आणखी वेगळा.

पुष्कळ लेख येथेच वाचकाला चकवतात. संस्था नफा घेत नाही म्हणून खोली स्वस्त, असे ते सांगून मोकळे होतात. वरच्या हिशेबात नफा शून्य असूनही भाडे खासगी बाजाराहून जास्त निघाले, याचा अर्थ स्वस्ताई नफा वगळल्याने येते हे खरे, पण केवळ त्यानेच येत नाही. खरा बोजा व्याजाचा आणि जमिनीचा आहे. म्हणून राज्य सरकारने निम्मा खर्च अनुदान म्हणून दिला, असे धरून पुन्हा मोजू. कर्ज ६०,०००, व्याज महिन्याला २००, मुद्दल १००, चालू खर्च १५०, एकूण ४५०. जमीन सरकारने दीर्घ मुदतीच्या नाममात्र भाड्याने दिली असेल, तर त्यात जमिनीची भर पडत नाही.

तरीही सरासरी ३०० ला कशी येते? जुन्या इमारतींमुळे. १९७०च्या दशकात बांधलेल्या आणि कर्ज फिटून गेलेल्या इमारतीत फक्त चालू खर्च आणि भविष्यातील दुरुस्तीसाठीची तरतूद उरते, म्हणजे आपल्या उदाहरणात २५० युरोंच्या आत भाडे बसते. नव्या इमारतीतील ४५० आणि जुन्या इमारतीतील २५० यांच्या मधे संस्थेला सर्व घरांचा मेळ घालता येतो. जुन्या खोल्या नव्यांना हात देतात, आणि आजच्या नव्या खोल्या तीस-चाळीस वर्षांनी तेच करतील. खासगी मालकाची जुनी इमारतही कर्जमुक्त होते, पण तो तिचे भाडे बाजारभावाप्रमाणे आकारतो, कारण त्याला तसे करण्यापासून रोखणारे काही नसते. विनानफा संस्थेचे बंधन खऱ्या अर्थाने पहिल्या दिवशी उपयोगी पडत नाही. ते तीस वर्षांनी फळ देते.

यात एक धोकाही दडलेला आहे. भाडे कमी ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दुरुस्तीची तरतूद कमी करणे, आणि त्याचे परिणाम लगेच दिसत नसल्याने तो मोह मोठा असतो. म्युनिकच्या उत्तर भागात फ्रायमान येथे ‘श्टुडेंटेनश्टाट’ नावाची सुमारे २,५०० खोल्यांची वसाहत आहे. ती देशातील सर्वांत मोठ्या विद्यार्थी-वसाहतींपैकी एक. २०२१ च्या फेब्रुवारीत तेथील एका उंच इमारतीत आग लागली, आणि त्यानंतर अग्निसुरक्षेतील त्रुटी व रखडलेले नूतनीकरण यांमुळे अनेक इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. ज्या शहरात खोलीसाठी विद्यार्थी वणवण फिरतात, त्याच शहरात हजाराहून अधिक खोल्या वर्षानुवर्षे बंद राहिल्या. जुन्या इमारती नव्यांना हात देतात असे मी वर म्हटले खरे, पण त्यासाठी त्या जुन्या इमारती उभ्या आणि राहण्याजोग्या ठेवाव्या लागतात.

सरकारी पैसाही नेहमी एकसारखा वाहत नाही. विद्यार्थ्यांची संख्या वाढत गेली, तरी अनुदानित खोल्यांची संख्या त्या वेगाने वाढली नाही. आज सर्व संस्थांच्या मिळून खोल्या दोन लाखांच्या थोड्या खालीच आहेत, आणि त्यांच्या कक्षेतील विद्यार्थी वीस लाखांहून अधिक. दहांतील एकाला जेमतेम जागा, असा तो सरळ हिशेब आहे. २०२३ पासून केंद्र सरकारने ‘युंगेस वोनेन’, म्हणजे तरुणांचे निवास, या नावाने विद्यार्थी व प्रशिक्षणार्थींच्या घरांसाठी वर्षाला ५० कोटी युरो राज्यांना देऊ केले. इमारतीला जागा मिळण्यापासून पहिल्या विद्यार्थ्याच्या हाती किल्ली पडेपर्यंत कित्येक वर्षे जातात, त्यामुळे या पैशाचा परिणाम सावकाशच दिसणार.

खोल्या दहांतील एकाला आणि भाडे बाजाराच्या खाली, म्हणजे मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे असणार. बाजारात अशा वेळी किंमत वाढते आणि परवडणारा राहतो. येथे किंमत वाढवायची नाही असे ठरलेले असल्याने निवड दुसऱ्या कशाने तरी करावी लागते, आणि ते दुसरे काहीतरी म्हणजे वेळ. प्रतीक्षायादी हा कारभाराचा ढिसाळपणा नसून भाड्याचाच न दिसणारा भाग आहे. मोठ्या शहरांत अनेक महिने, काही घरांसाठी कित्येक सत्रे वाट पाहावी लागते. काही संस्था अपंगत्व, मुले, पहिले सत्र किंवा परदेशातून येणे अशा कारणांना अग्रक्रम देतात, आणि वसतिगृहांत परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण त्यांच्या एकूण संख्येच्या मानाने बरेच जास्त आढळते ते यामुळेच. परक्या देशात बसून घर पाहायला जाता येत नाही, तेथे ओळखीपाळखी नसतात आणि घरमालकाला दाखवायला तेथील पगारपत्रकही नसते.

मुक्कामाची मुदतही याच हिशेबातून येते. वसतिगृहाचा करार सहसा एका-दोन सत्रांचा किंवा वर्षाचा असतो, त्याचे नूतनीकरण होते, पण एकूण मुक्कामाला ठरावीक सत्रांची मर्यादा असते. जर्मन भाडेकायदा भाडेकरूच्या बाजूने कडक मानला जातो. मालकाला सबळ कारणाशिवाय करार संपवता येत नाही आणि भाडेवाढीवर अनेक निर्बंध असतात. विद्यार्थी-वसतिगृहांना मात्र यांतील बऱ्याच तरतुदींतून वगळलेले आहे. वरवर पाहता हा विद्यार्थ्यांवर अन्याय वाटतो. पण राहत असलेल्याला पूर्ण संरक्षण दिले, तर तो शिक्षण संपल्यावरही स्वस्त खोलीत राहील आणि बाहेर उभ्या असलेल्याची पाळी कधीच येणार नाही. २०१२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने या सवलतीची अट स्पष्ट केली. एखाद्या इमारतीला विद्यार्थी-वसतिगृह म्हणायचे असेल, तर खोल्या एकामागून एक नव्या विद्यार्थ्यांना मिळत राहाव्यात यासाठी मालकाकडे निश्चित व सर्वांना समान लागू होणारी पद्धत असायला हवी, कोणाला किती काळ ठेवायचे हे मर्जीवर किंवा योगायोगावर सोडता येणार नाही. नुसती ‘वसतिगृह’ अशी पाटी लावून भाडेकायद्यातून सुटका करून घेण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली.

वसतिगृह हा शब्द मी वापरतो आहे, पण त्याने रेक्टर, हजेरीपट आणि रात्री बंद होणारे फाटक डोळ्यांपुढे आणू नये. येथे राहणारा प्रौढ भाडेकरू असतो. प्रत्येकाची स्वतंत्र खोली, काही ठिकाणी स्वतंत्र छोटे घर, तर काही ठिकाणी पाच-सहा जणांत एक स्वयंपाकघर. ‘हाउसमाइस्टर’ नावाचा माणूस इमारतीची देखभाल पाहतो आणि बिघडलेल्या नळाची तक्रार त्याच्याकडे जाते. नवागतांना मदत करायला जुन्याच विद्यार्थ्यांतून मानधनावर नेमलेले साहाय्यक असतात. म्युनिकमध्ये १९७२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या खेळाडूंच्या गावाचा एक भाग पुढे विद्यार्थ्यांना मिळाला. तेथील छोट्या बैठ्या घरांच्या दर्शनी भिंती राहणारे स्वतःच रंगवतात, आणि जुनी घरे पाडून २०१० पर्यंत तेथे हजाराहून अधिक नवी घरे उभी राहिली, तेव्हाही ही प्रथा टिकली.

आता वर्गणी. जर्मन विद्यापीठात प्रत्येक विद्यार्थी दर सत्राला एक रक्कम भरतो, आणि शिक्षणशुल्क नाही म्हणणारेही ती टाळू शकत नाहीत. तिचा एक भाग विद्यार्थी-सेवा संस्थेला, एक भाग विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाला आणि पुष्कळ ठिकाणी मोठा भाग प्रवासाच्या पासाला जातो. ज्याला खोली मिळाली नाही त्यानेही पैसे का द्यावेत, ही तक्रार नेहमीची आहे. तिच्यात तथ्य कमी आहे, कारण वसतिगृहांचा खर्च प्रामुख्याने भाड्यातूनच भागवला जातो, आणि वर्गणीचा पैसा मुख्यतः भोजनालये, समुपदेशन यांसारख्या कोणालाही खुल्या असलेल्या सेवांकडे वळतो. भोजनालयाला जर्मनमध्ये ‘मेन्झा’ म्हणतात आणि तेथे एकाच थाळीला तीन भाव असतात: विद्यार्थ्याला सर्वांत कमी, कर्मचाऱ्याला त्याहून जास्त, पाहुण्याला सर्वांत जास्त. विद्यार्थ्याच्या भावाला राज्याचे अनुदान आणि ही वर्गणी यांचा टेकू असतो.

शिक्षण-साहाय्याचे काम या संस्थेकडे असणे परदेशी वाचकाला विचित्र वाटेल. ‘बाफॉग’ या लघुनामाने ओळखले जाणारे हे साहाय्य पालकांच्या उत्पन्नावर अवलंबून असते. विद्यापीठीय शिक्षणासाठी सर्वसाधारणपणे निम्मी रक्कम परत करायची नसते आणि निम्मी बिनव्याजी कर्ज असते. परतफेडीला १०,०१० युरोंची कमाल मर्यादा आहे. २०२४ च्या हिवाळी सत्रापासून, घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी त्यात घरभाड्यापोटी महिन्याला ३८० युरो धरले जातात. संस्थेची सरासरी खोली या रकमेत बसते, खासगी बाजारातील सरासरी खोली बसत नाही. म्हणजे स्वस्त खोली मिळाली नाही, तर सरकारी साहाय्यही अपुरे पडते. केवळ शिकण्यासाठी व्हिसावर आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला हे साहाय्य सहसा मिळत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत खोलीच्या भाड्यातील प्रत्येक युरो सरळ घरून आलेल्या किंवा अर्धवेळ कामातून मिळवलेल्या पैशातून जातो.

कारभार कोण पाहतो, याची पद्धत राज्यागणिक बदलते, पण देखरेख करणाऱ्या मंडळावर विद्यार्थी आणि विद्यापीठांचे प्रतिनिधी बसतात, ही रचना सर्वत्र सापडते. विद्यार्थ्यांचा आवाज याहून मोठा हवा असेल, तर दुसरे नमुनेही आहेत. बर्लिनमधील श्लाख्टेनझे येथील विद्यार्थी-वसाहत १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या आर्थिक मदतीतून उभी राहिली. पुढे ती विकून पाडण्याचा बेत झाला, तेव्हा तिच्या बाजूच्या लोकांनी सहकारी संस्था काढून ती वाचवली. हायडेलबर्गमध्ये ‘कॉलेगियम अकाडेमिकुम’ हे विद्यार्थ्यांनीच चालवलेले लाकडी बांधकामाचे वसतिगृह २०२३ मध्ये खुले झाले. त्यामागील गटाने ‘मीट्सहॉयझर झिंडिकाट’ या जाळ्याचा आधार घेतला. तेथे प्रत्येक घर एका कंपनीच्या नावे असते आणि राहणाऱ्यांचे मंडळ व हे जाळे असे दोघे तिचे भागीदार असतात, त्यामुळे विक्रीला नकार देण्याचा अधिकार जाळ्याकडेही असतो, म्हणजे उद्याच्या रहिवाशांना मोह झाला तरी घर बाजारात जात नाही. ही घरे एकूण संख्येच्या मानाने मोजकीच आहेत, पण खोली स्वस्त ठेवण्यासाठी इमारत विक्रीबाहेर काढावी लागते, हे तत्त्व त्यांनी अधिक उघडपणे मांडले आहे.

अर्ज करणाऱ्याने काही गोष्टी आधीच जाणून घेतल्या तर त्रास कमी होतो. अर्ज ज्या संस्थेच्या हद्दीत विद्यापीठ आहे तिच्याकडेच करायचा असतो, आणि प्रवेश निश्चित होण्यापूर्वीच नाव नोंदवता येते का, हे पाहावे. ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या हिवाळी सत्रासाठी सर्वाधिक गर्दी असते, त्या दिवसांत काही संस्था तात्पुरत्या आसऱ्याचीही सोय करतात. शहराच्या मध्यातील एकाच घराचा आग्रह धरला, तर पाळी लांबते. गावाबाहेरची वसाहतही चालेल असे कळवले, तर लवकर येते. खोली ताब्यात घेतल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याचे पत्र लागते. संस्था ते नियमाने देते, खासगी बाजारात ते देण्यास टाळाटाळ करणाऱ्यापासून दूर राहावे. घर न दाखवता अनामत रक्कम आधी पाठवायला सांगणारी जाहिरात फसवणुकीची असण्याची शक्यता मोठी असते.

संस्थेची अनामत रक्कम खोली सोडताना परत मिळते. त्या दिवशी हाउसमाइस्टर एक यादी घेऊन येतो. भिंतीवरचे डाग, खिडकीची कडी, शीतकपाट, गादी यांची एकेक तपासणी होते आणि दोघे त्या कागदावर सह्या करतात. किल्ली परत घेतल्यावर, खोली आधीच कोणाच्या नावे लागली असेल, तर प्रतीक्षायादीवरील तो विद्यार्थी बहुधा पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच दारासमोर उभा असतो.